लहान मुलांना मधमाशी कशी दाखवावी: फुलापाशी, वर्गात, काचेतून की मधपाळाकडे?

बालवर्गापासून तिसरी-चौथीपर्यंतच्या मुलांना मधमाशी शिकवायची ठरली की शाळेच्या बैठकीत पहिला शब्द निघतो तो सहलीचा. पालकांच्या गटात कुणीतरी एक सुंदर व्हिडिओ टाकतं. एखादा उत्साही बाबा म्हणतो, शाळेतच एक काचेची पेटी ठेवू या. यातलं काहीच चूक नाही. पण वेळ आणि पैसा घालण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्यातलं स्वतःच्या डोळ्यांनी नेमकं काय दिसेल, आणि ते बघायला त्याला किती वेळ मिळेल? मी या एकाच कसोटीवर सगळे पर्याय लावले. त्यात सहल पहिल्या क्रमांकावर येत नाही.

आधी एक अडचण सांगते, ती प्रत्येक पर्यायात आडवी येते. आपल्या मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत मधमाशीचं घर म्हणजे फांदीला लटकलेली पिवळी, गोल, वेटोळ्यांची टोपली असते. तो युरोपातल्या जुन्या गवती पेटाऱ्याचा नमुना आहे. आपल्याकडे असं घर कुठेच दिसत नाही. आपल्याकडे दिसतं ते इमारतीच्या छज्जाखाली किंवा पाण्याच्या टाकीखाली लोंबणारं आग्या मोहोळ, कुंपणाच्या झुडपात तळहाताएवढं फुलोरीचं पोळं, झाडाच्या ढोलीत किंवा मधपाळाच्या पेटीत अंधारात राहणारी सातेरी, आणि जुन्या भिंतीच्या फटीत डिंकाची बारीक नळी बाहेर काढून बसलेल्या पोयाच्या माश्या. या शेवटच्या माश्यांना डंख मारता येत नाही. शेतीत आणलेली युरोपियन माशी, मेलिफेरा, आहे ती वेगळी. तुम्ही कोणतीही पद्धत निवडा, पण मुलाला माशी दाखवायची ती त्याच्या गावातली. नाहीतर ते पुस्तकातली माशी पाठ करतं आणि शाळेच्या कुंपणावरची ओळखत नाही.

फुलापाशी बसणं

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कमी वापरलेला पर्याय. कोथिंबीर फुलावर येऊ द्यायची, तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या नाहीत, जमल्यास मोहरी आणि बडीशेप पेरायची. शेवगा किंवा अँटिगोनॉनची गुलाबी वेल शेजारी असेल तर आणखी उत्तम. सकाळी नऊ ते अकराच्या उन्हात मुलांना फुलांपासून दोन हातांवर खाली बसवायचं. हात हलवायचे नाहीत, माशीवर फुंकर मारायची नाही. बास.

इथे मूल काय काय बघतं ते नीट पाहा. माशीच्या मागच्या पायांवर परागाचे गोळे दिसतात. ते कधी पिवळे, कधी केशरी, कधी जवळजवळ पांढरे असतात. माशी मध गोळा करत नाही, सोंड घालून मकरंद पिते, हे सांगावं लागत नाही, दिसतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की मुलाला एकाच माशीचा पाठलाग करता येतो. तुळस आणि कोथिंबीर शेजारी-शेजारी फुलली असतील तर विचारायचं, 'ही माशी आता कुठे जाईल?' एका फेरीत माशी बहुतेक एकाच जातीच्या फुलांवर फिरते. ती तुळशीवरून तुळशीवर जाते, कोथिंबिरीला फिरकत नाही. दुसरी माशी नेमकं उलटं करते. पाच वर्षांची मुलं हे स्वतः शोधून काढतात आणि मग एकमेकांना ओरडून सांगतात. परागीभवनाचं चित्र फळ्यावर काढून हे हाती लागत नाही.

या पर्यायात पोळ्याच्या आतलं काहीच दिसत नाही, हा त्याचा उघड तोटा. पण कुंपणात फुलोरीचं पोळं सापडलं तर अर्धा तोटा भरून निघतो. फुलोरी एकच पोळं उघड्यावर बांधते, त्यामुळे तीन-चार मीटरवरून ते दिसतं. मुंग्या येऊ नयेत म्हणून ती फांदीवर पोळ्याच्या दोन्ही बाजूंना चिकट डिंकाचे पट्टे लावते. दुर्बीण असेल तर हे पट्टे मुलांना जरूर दाखवा. दगड मारायचा नाही, फांदी हलवायची नाही, एवढा नियम पुरे. आग्या मोहोळाच्या बाबतीत मात्र नियम वेगळा: ते दुरून दाखवायचं आणि जवळ कधीच न्यायचं नाही. त्या माश्या चिडल्या तर थवाच अंगावर येतो. तेव्हा तोंड झाकून पळत घरात किंवा वर्गात शिरायचं आणि दार लावायचं. हा सराव मी आगीच्या सरावाइतकाच गरजेचा मानते.

वर्गातला खेळ

मूल पोळ्यात जाऊ शकत नाही, पण वर्गाचं पोळं करता येतं. कामकरी माशी जन्मल्यावर आधी पोळ्यातली षटकोनी घरं साफ करते, मग अळ्यांना भरवते, पुढे मेण काढून बांधकाम करते, दारावर पहारा देते आणि साधारण तीन आठवड्यांनी बाहेर फुलांवर जायला लागते. टाळी वाजली की मुलांनी पुढचं काम घ्यायचं. मकरंद तोंडातून तोंडात दिला जातो, म्हणून ड्रॉपरने पाण्याचा थेंब एकाच्या वाटीतून दुसऱ्याच्या वाटीत टाकायचा. उरलेल्या मुलांनी हातांचे पंख करून वारा घालायचा. मकरंदातलं पाणी उडून साधारण 20 टक्क्यांवर येतं तेव्हा त्याचा मध होतो, हे मोठ्या मुलांना सांगावं. लहानांना वारा घालणंच पुरतं.

पहारेकऱ्याचा खेळ सगळ्यात रंगतो. कापसाच्या बोळ्यांवर लवंग, वेलदोडा आणि लिंबू असे वेगवेगळे वास घ्यायचे आणि एका घरातल्या सगळ्यांना एकच वास द्यायचा. दारातला पहारेकरी डोळे मिटून, वास घेऊन ठरवतो की हा घरचा की परका. राणी कुणाला हुकूम देत नाही, ती अंडी घालते आणि तिच्या वासावर वसाहत एकत्र राहते, हेही याच खेळातून कळतं. नाहीतर प्रत्येक वर्गात मुकुट घातलेली राणी आज्ञा सोडत असते. 'मग नर काय करतात?' हा प्रश्न येणारच. पुढच्या पिढीचे बाबा होतात, एवढं उत्तर खरं आहे आणि पुरेसंही. त्यांना डंखही नसतो.

नाचाबद्दल थोडं थांबते, कारण इथे बहुतेक शिक्षक अवघड वाट धरतात. फुलं कुठे आहेत हे मधमाश्या नाचून एकमेकींना सांगतात. या नाचाचा अर्थ उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 चं नोबेल आणखी दोघांसह मिळालं. त्यांची माशी होती युरोपियन, आणि ती पेटीच्या अंधारात उभ्या पोळ्यावर नाचते. तिथे वर म्हणजे सूर्याची दिशा असा हिशोब असतो. आपल्या सातेरीचंही तसंच. सहा वर्षांच्या मुलाला हा हिशोब कळणं शक्य नाही, आणि शिकवायची गरजही नाही. फॉन फ्रिश यांचे विद्यार्थी मार्टिन लिंडाउअर यांनी 1950 च्या दशकात श्रीलंकेत फुलोरीचा नाच अभ्यासला. फुलोरी पोळ्याच्या वरच्या सपाट भागावर, उघड्या आकाशाखाली नाचते आणि थेट फुलांच्या दिशेने पळून दाखवते. म्हणजे वर्गाच्या फरशीवर फुलोरीसारखा नाच करता येतो: अंग हलवत सरळ फुलांच्या दिशेने धावायचं, वळून पुन्हा सुरुवातीच्या जागी यायचं, पुन्हा धावायचं. लांबच्या फुलांसाठी जास्त वेळ हलायचं. एकाने मैदानात फूल लपवायचं, दुसऱ्याने नाचून सांगायचं. मुलं फूल शोधून आणतात, म्हणजे नाच समजला.

व्हिडिओची जागा मला इथेच वाटते. खेळ झाल्यावर खऱ्या माशीचा नाच दोन मिनिटं दाखवावा. सुरुवातीलाच दाखवला तर माशी टीव्हीएवढी मोठी असते असं बालवर्गाला वाटू शकतं.

रिकामी पेटी

हा पर्याय फारसा कुणी विचारात घेत नाही आणि तोच मला सहलीपेक्षा जास्त आवडतो. ओळखीच्या मधपाळाकडून सातेरीची जुनी पेटी काही दिवसांसाठी मागायची. त्यात तळपाट, पिलाव्याची (म्हणजे अंडी, अळ्या आणि कोषांची) कोठी, मधाची कोठी आणि जुन्या पोळ्यांच्या एक-दोन चौकटी असाव्यात. माश्या नाहीत, म्हणून भीती नाही. मुलं हात लावतात, वास घेतात, षटकोनात बोट घालतात. ज्या पोळ्यात पिलावा वाढतो ते काळपट पडतं, कारण प्रत्येक कोषाचं अस्तर आत राहून जातं. मध साठवलेलं पोळं त्यामानाने फिकं असतं. नशिबाने चौकटीच्या कडेला राणीचं घर राहिलं असेल तर तेही दिसतं, भुईमुगाच्या शेंगेसारखं खाली लोंबणारं. सातेरीच्या नराच्या घरांवरच्या झाकणाला मधोमध बारीक भोक असतं. ते ज्याला पहिलं सापडेल त्याचा दिवस तोच.

काळजी दोनच. पोळ्यात मेणकिड्याच्या अळ्या होऊ शकतात, म्हणून काम झालं की चौकटी घट्ट पिशवीत ठेवायच्या आणि लवकर परत करायच्या. आणि पोळ्यात चुकून मध उरला असेल तर खिडकी उघडी ठेवू नका. खऱ्या माश्या तासाभरात वर्गात येतील.

काचेची पेटी शाळेत

दिसायला सगळ्यात देखणी. राणी, अंडी, अळ्या, नाच, सगळं काचेमागे. पण कायमची ठेवायची असेल तर माझं मत सरळ नाही असं आहे. एक-दोन चौकटींच्या वसाहतीला पिलाव्याभोवती 34-35 अंश तापमान राखणं कठीण जातं. काच तापते, नाहीतर थंड पडते. सातेरीला जागा रुचली नाही, खाणं कमी पडलं की ती पेटी सोडून उडून जाते. मुलं सोमवारी आली आणि काचेमागे कुणीच नसलं तर काय सांगणार? माश्यांना बाहेर जायला भिंतीतून नळी काढावी लागते. मुंग्या आवराव्या लागतात, पावसाळ्यात साखरेचा पाक द्यावा लागतो, आणि दिवाळीच्या व मेच्या सुटीत हे सगळं कोण करणार? शाळेच्या आवारातच मधपाळ राहत असेल तर गोष्ट वेगळी.

मधला मार्ग मात्र चांगला आहे. मधपाळाने काचेच्या बंद खोक्यात माश्यांसकट एक चौकट तास-दोन तासांसाठी आणायची आणि संध्याकाळच्या आत परत न्यायची. वर कापड झाकलेलं असावं, बघायच्या वेळीच काढावं. पाच-सहा मुलं एका वेळी. ज्यांना राणी सापडली त्यांनी सांगायचं नाही, नाहीतर बाकीच्यांची मजा जाते.

मधपाळाची भेट

महाबळेश्वर परिसरात मधमाशीपालनाची जुनी परंपरा आहे. तिथलंच मांघर 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून पुढे आलं. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. कोकणातही सातेरी पाळणारे बरेच आहेत. कुठेही जायचं तर आधी फोन करून लहान मुलांचा गट आहे, वय किती, हे स्पष्ट सांगा. आणि गर्दीचा हिशोब करा. तीस मुलं एका उघड्या पेटीभोवती उभी राहिली तर पुढची चार बघतात, मागची ढकलाढकली करतात. म्हणून गट पाडा: एक गट पेटीपाशी, एक पोळ्यातून मध काढायचं मधयंत्र फिरवायला, एक चौकट आणि माश्यांना धूर द्यायचं धुराडं बघायला.

पेटी उघडण्यापेक्षा तिचं दार बघणं लहानांना जास्त पचतं. बाजूला बसायचं, दारासमोर कधीच नाही, कारण ती माश्यांची ये-जा करण्याची वाट असते. पराग घेऊन येणाऱ्या, रिकाम्या जाणाऱ्या, दारात हुंगणाऱ्या माश्या इथे स्पष्ट दिसतात. फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत, अंगाला सुवासिक तेल लावू नये, आणि डंखाची ॲलर्जी कुणाला आहे का हे पालकांना आधीच लेखी विचारावं. डंख लागलाच तर नखाने खरवडून पटकन काढावा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं. चेहरा सुजला, श्वासाला त्रास झाला तर थेट रुग्णालय. आणि मध चाखायला दिला जातो तेव्हा सोबत आलेल्या एक वर्षाखालच्या धाकट्या भावंडांना तो अजिबात देऊ नका.

सहलीचा हंगामही बघावा लागतो. जून ते सप्टेंबर पावसात पेटी उघडणं माश्यांसाठी वाईट आणि मुलांसाठी कंटाळवाणं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन चांगलं असतं. महाबळेश्वरकडे जांभूळ, हिरडा फुलतो तो मार्चपासून पुढे, आणि तेव्हा शाळांची परीक्षा.

तर निवड कशी करावी? तीन ते पाच वयाला फूल आणि खेळ, दुसरं काही नको. सहा ते आठला यात रिकामी पेटी आणि जमल्यास पेटीच्या दाराशी अर्धा तास. नऊच्या पुढे उघडी पेटी, काचेची चौकट, सूर्याचा कोन, बिनफलित अंड्यातून नर होतो हे कोडं, सगळं चालेल. एकच दिवस हाताशी असेल आणि वर्ग मिश्र वयाचा असेल, तर मी सहलीचे पैसे वाचवून मधपाळालाच शाळेत बोलवेन, मानधन देऊन.

हे सगळं यंदा करायचं असेल तर कोथिंबीर ऑक्टोबरअखेर पेरा, दीड-दोन महिन्यांत फुलावर येईल. रिकामी पेटी मात्र पावसाळ्यातच सांगून ठेवा. हंगाम सुरू झाला की मधपाळाकडे रिकामी पेटी उरत नाही.