प्रयोग तोंडावर असताना हा वायरलेस डीएमएक्स संच किती साथ देतो?

दौऱ्यावरच्या नाटकांना आणि नृत्याच्या कार्यक्रमांना मी लाइट्स करते. जागा दर वेळी नवी आणि हातात वेळ कमी, त्यामुळे कोणतंही उपकरण मी एकाच कसोटीवर घासून पाहते. पडदा उघडायला थोडी मिनिटं उरली असताना ते बिघडलं, तर नेमकं कुठे बिघडलंय हे ते मला सांगतं का?

डीएमएक्स म्हणजे बोर्डाकडून, म्हणजे लाइट्स चालवायच्या कंट्रोल डेस्ककडून, लाइट्सना हुकूम नेणारी डिजिटल भाषा. हा संच ती केबलऐवजी रेडिओने पाठवतो: एक ट्रान्समीटर आणि चार छोटे रिसीव्हर. २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आत चार्जिंगची बॅटरी, वर एक बटण आणि एक दिवा. बटण दाबत गेलं की दिव्याचा रंग बदलतो. सात रंग म्हणजे सात गट. ट्रान्समीटर ज्या रंगावर, त्याच रंगावर रिसीव्हर ठेवला की काम झालं. याच बनावटीचे संच वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, त्यामुळे नावात अडकण्यात अर्थ नाही.

जोडणीला पैकीच्या पैकी गुण. पिना बाहेर असलेला तो ट्रान्समीटर, बोर्डाच्या डीएमएक्स आउटमध्ये जातो. भोकं असलेला तो रिसीव्हर, लाइटच्या डीएमएक्स इनवर बसतो. अंधारात, हातात टॉर्चही नसताना, बोटांनी चाचपून हे कळतं. रंगमंचावरून आडव्या जाणाऱ्या केबलवर टेप मारत बसण्याचा त्रास वाचतो, आणि नर्तकांच्या पायांखालून एक धोका कमी होतो. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आता दुखणं. तो एकुलता एक दिवा रेडिओची जोडणी झाली आहे एवढंच दाखवतो. बोर्डाकडून डेटा येतोय की नाही, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. बोर्डाचं आउटपुट बंद असो, बोर्डाकडची केबल तुटलेली असो, रिसीव्हर आपला रंग दाखवत शांतपणे लुकलुकतो. बऱ्याच महाग संचांमध्ये जोडणीचा आणि डेटाचा दिवा वेगळा असतो, आणि घाईच्या वेळी तो दुसरा दिवाच खरा उपयोगी पडतो.

तो दिवा नाही, म्हणून मी शोधाची वाट ठरवून टाकली आहे. आधी बघायचं, किती लाइट्स गेले आहेत. एकच लाइट वेड्यासारखा वागत असेल तर वायरलेसला हात लावू नका. बहुधा त्याचा ॲड्रेस (तो कितव्या चॅनलपासून हुकूम ऐकतो) किंवा चॅनल मोड (तो किती चॅनल वापरतो) बदललेला असतो. १६ चॅनलच्या मोडमधला मूव्हिंग हेड (मान फिरवणारा लाइट) कुणीतरी दुसऱ्या मोडमध्ये टाकला की तो स्वतः बिघडतोच, आणि त्याच्या पुढच्या लाइटच्या चॅनलवरही चढू शकतो. एका रिसीव्हरवरचे सगळे लाइट्स गेले असतील तर तो रिसीव्हर: त्याची बॅटरी, त्याचा रंग. सगळीकडचेच गेले तर ट्रान्समीटर किंवा बोर्ड. इथे एक लांब केबल घेऊन बोर्डावरून थेट एका लाइटला जोडायची. लाइट चालला तर दोष वायरलेसमध्ये आहे, नाही चालला तर बोर्डात किंवा त्या लाइटच्या सेटिंगमध्ये. या एका चाचणीने अर्धी शंका जागच्या जागी निकालात निघते. ती केबल वायरलेसवर कितीही विश्वास असला तरी सोबत हवीच.

रिसीव्हरच्या पुढे केबलने लाइट्सची साखळी जोडली असेल आणि फक्त शेवटचे एक-दोन थरथरत असतील, तर शेवटच्या लाइटच्या डीएमएक्स आउटमध्ये १२० ओहमचा टर्मिनेटर (टोकावरून सिग्नल परत उसळू न देणारा प्लग) लावा. वायरलेस आलं म्हणजे टर्मिनेटर गेला, असा समज का पसरला आहे मला कळत नाही. रिसीव्हरच्या पुढचा तो तुकडा साधी डीएमएक्स लाइनच असतो.

सगळ्यात जास्त सतावणारा दोष मात्र तालमीत दिसतच नाही. रिकाम्या सभागृहात सगळं गुळगुळीत चालतं, आणि प्रेक्षक बसले की लाइट्स मध्येच अडखळतात. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि २.४ गिगाहर्ट्झची लहर ते पाणी चांगलीच शोषून घेतं. भर म्हणून प्रत्येक खिशात वायफाय आणि ब्लूटूथ चालू असलेला फोन. ट्रान्समीटर बोर्डाच्या मागे टेबलावर पडलेला असेल, तर त्याच्या आणि रंगमंचाच्या मध्ये माणसांची भिंतच उभी राहते. उपाय सोपा आहे: बोर्डातून छोटी केबल काढून ट्रान्समीटर एका स्टँडवर, बसलेल्या आणि उभ्या माणसांच्या डोक्यांच्या वर न्यायचा. रिसीव्हरही ट्रसच्या (लाइट्स टांगायच्या सांगाड्याच्या) धातूला चिकटवून बांधायचा नाही. रंगमंचाकडून बोर्ड दिसेल असा, मोकळ्या बाजूला ठेवायचा. बाहेर अँटेना असलेलं मॉडेल असेल तर दोन्हीकडच्या अँटेना उभ्याच हव्यात. टॅबलेटवरून बोर्ड चालवण्यासाठी आपणच ठेवलेला राउटर ट्रान्समीटरच्या शेजारी असतो, तो आधी ५ गिगाहर्ट्झवर टाका आणि हातभर लांब सरकवा. एवढं करून हा संच मी भरलेल्या सभागृहांत नीट चालवला आहे.

तरीही अधूनमधून झटके येत असतील तर बोर्डाच्या सेटिंगमध्ये डीएमएक्सचा वेग कमी करून बघा. पूर्ण ५१२ चॅनल सेकंदाला सुमारे ४४ वेळा जाऊ शकतात. काही स्वस्त रिसीव्हरना तो वेग झेपत नाही, आणि वेग थोडा उतरवला की ते शहाण्यासारखे वागतात. लाइट्सच्या मेनूमध्ये सिग्नल गेल्यावर काय करायचं याचा पर्याय असतो, तिथे ‘होल्ड’ ठेवा. क्षणभर सिग्नल तुटला तर प्रेक्षकांना कळतही नाही. ‘ब्लॅकआउट’वर असेल तर प्रत्येक अडखळण्याला रंगमंच काळाकुट्ट होतो, आणि ऐन संवादात नटाला ते सहन करावं लागतं.

बॅटरीबद्दल माझं मत कडक आहे. दुसऱ्या अंकात ती मान टाकणार नाही याची खात्री देता येत नाही, म्हणून जिथे वीज आहे तिथे मी अडॅप्टरच लावते. तो मात्र डिमरच्या (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या) लाइनवर कधीही नको, सरळ चालू राहणाऱ्या सॉकेटवर हवा. बॅटरी फक्त जिथे वायर नेताच येत नाही तिथे, नेपथ्याच्या हलत्या भागांवर.

ज्यांना लाइट्सचे ॲड्रेस बोर्डावर बसून आरडीएमने (डीएमएक्सच्याच लाइनवरून लाइट्सशी दुतर्फा बोलण्याच्या सोयीने) बदलायचे आहेत, त्यांनी हा घेऊ नये. माझ्याकडच्या संचातून आरडीएम जात नाही. आणि आतषबाजी किंवा डोक्यावरून उतरणारी यंत्रं यावर चालवायचा विचार असेल तर अजिबात नको, हाच काय, कुठलाही वायरलेस संच नको. डीएमएक्समध्ये चुकलेला डेटा ओळखण्याची सोयच नाही, आणि अशा धोक्याच्या कामांसाठी ते वापरू नये हे त्याच्या मानकातच लिहिलेलं आहे. बाकी मोजके एलईडी पार लाइट्स, दोन-चार मूव्हिंग हेड आणि दर वेळी नवी जागा असं काम असेल, तर जरूर घ्या. एक रिसीव्हर जास्तीचा घ्या, आणि त्याचा रंग आधीच जुळवून पेटीत ठेवा.