स्पीड पूर्ण, तरी गेम अडकतो: सहा महिने पिंग मोजल्यानंतर

नाशिकला घरी ४० एमबीपीएसचं फायबर आहे. स्पीड टेस्टमध्ये ४० पूर्ण दिसायचे, तरी रात्री नऊनंतर धाकट्या भावाचं व्हॅलोरंट (ऑनलाइन नेमबाजीचा गेम) अडकायचं आणि माझ्या व्हिडिओ कॉलचा आवाज तुटायचा. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं, "सर, स्पीड तर बरोबर येतोय." तो येतच होता. म्हणून १०० चा प्लॅन घेण्याआधी मी पिंग, म्हणजे डेटाचं छोटं पॅकेट सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ, मोजायला बसलो.

कमांड प्रॉम्प्ट उघडून ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) सलग पिंग लावून ठेवलं. ८, ९, ८, ९ मिलिसेकंद. तेवढ्यात ताईच्या फोनमधले लग्नाचे फोटो क्लाउडवर चढायला लागले आणि त्याच काळ्या खिडकीत आकडे पळाले: ६०, १४०, २३०, मध्येच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. अपलोड थांबवलं की दोन सेकंदांत पुन्हा ९. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

मोडेम-राउटर पाठवायचा डेटा रांगेत साठवतात. फोटोंनी रांग भरली की गेमचं इवलंसं पॅकेटही शेवटी उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. रिकाम्या लाइनवरचा पिंग बघून समाधान मानू नका. लाइन भरलेली असताना मोजा, खरी परीक्षा तिथे आहे.

मी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर) चालणारा राउटर घेतला, त्याच्या एसक्यूएममध्ये, म्हणजे रांग सांभाळणाऱ्या सोयीत, 'केक' ही पद्धत निवडली आणि अपलोड-डाउनलोड दोन्ही ३६ एमबीपीएसवर बांधले. आता रांग माझ्याच राउटरमध्ये लागते आणि छोट्या पॅकेटला मधून वाट मिळते. अपलोड चालू असतानाही पिंग क्वचितच २० च्या वर जातो. चार एमबीपीएस सोडले, त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

ब्राउझिंगमध्येही फरक जाणवला. नवी साइट उघडताना सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन टीसीपीची (जोडणी करायची) एक फेरी, टीएलएस १.३ ची (जोडणी सुरक्षित करायची) दुसरी, पान मागायची तिसरी. डीएनएसचा, म्हणजे साइटचा पत्ता शोधायचा, वेळ आणखी वेगळा. फेरी २०० मिलिसेकंदांची असेल तर पहिलं अक्षर दिसायच्या आत ६०० गेले. नुसता प्लॅन वाढवून ही फेरी लहान होत नाही.

अंतरावर मात्र इलाज नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद लागणारच. केबलची वळणं धरली तर जास्तच. भाऊ सर्व्हर मुंबईचाच ठेवतो. त्याच्या पीसीला लॅन केबलही ओढली, कारण वायफायवर पिंग १०, ९०, १५ असा नाचायचा. सलग ५० असेल तर हात बसतो, नाचणाऱ्या पिंगला नेम धरता येत नाही.

राउटर घेण्याआधी त्याचं मॉडेल ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राउटरांच्या यादीत आहे का ते नक्की बघा. चुकीचं फर्मवेअर टाकलं तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. दुसरी अडचण मला स्वतःला आली: पावसाळ्यात दोनदा लाइनचाच वेग ३० वर उतरला, तेव्हा ३६ ची मर्यादा कामाची राहिली नाही आणि पिंग पुन्हा दोनशेवर गेला. हाताने २७ टाकल्यावर तो जागेवर आला.