टक्के तोडायचे की हिशेब मांडायचा? व्हेंडरसमोर बसण्याआधी

भोसरी-चाकण पट्ट्यात पर्चेसला बसणाऱ्याला दरवर्षी वरून एकच निरोप येतो: 'यंदा पाच टक्के आणा', म्हणजे भाव तेवढा कमी करून घ्या. आता पुढच्या आठवड्यात शाफ्टवाल्या व्हेंडरसोबत बसायचंय. मार्ग दोन आहेत. सरळ टक्के मागायचे, नाहीतर पार्टचा कॉस्ट ब्रेकअप, म्हणजे कशाला किती खर्च पडतो याची फोड, आपणच काढून टेबलावर ठेवायचा.

टक्क्यांना तयारी लागत नाही, हीच त्यांची मोठी सोय. पण व्हेंडरही कसलेला असतो. तुम्ही पाच मागणार हे ठाऊक असल्यामुळे तो आठ आधीच चढवून ठेवतो. मग चहा होतो, 'साहेब, मटेरियलच एवढ्याला पडतं' होतं, आणि चारवर तुटतं. दोघंही खूश, भाव मात्र मुळात होता त्याहून वरच.

ब्रेकअपला अर्धा दिवस मोडतो. समजा शाफ्ट ईएन-८ जातीच्या पोलादाच्या ४० मिमी जाड गोल बारमधून निघतोय, कापणीची ब्लेड धरून तुकडा १५३ मिमी. घनता ७.८५ धरली की वजन दीड किलो. तयार पार्ट ९५० ग्रॅम, म्हणजे ५५० ग्रॅम भंगार. बार ७० रुपये किलो आणि भंगार ३० रुपये धरलं (हे आकडे उदाहरणापुरते, तुमचे तुम्ही घाला), तर मटेरियल ८८.५० ला पडलं. या भंगाराचे साडेसोळा रुपये कोटेशनमध्ये वजा झालेत का, ते आधी बघा. बरेचदा झालेले नसतात. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) चार मिनिटं, तासाला ४५० च्या दराने ३० रुपये. इंडक्शन हार्डनिंग (विजेने तापवून वरचा थर कडक करणं) १२. सेटिंगचे, म्हणजे मशीन या जॉबसाठी लावायचे, दोन तास म्हणजे ९०० रुपये. एका खेपेला १०० नगांच्या लॉटवर नगामागे ९. वर ओव्हरहेड, रिजेक्शन आणि नफ्याचे १५ टक्के धरून साधारण १६०. कोटेशन आहे १७८ चं.

आता बोलणं बदलतं. 'कमी करा' ऐवजी 'आमच्या हिशेबात सायकल टाइम चार मिनिटं येतो, तुमचा किती?' असा प्रश्न होतो. कदाचित तो जॉब दोन सेटअपमध्ये, म्हणजे मशीनवर दोनदा पकडून, करत असेल. मग ड्रॉइंगमधला एखादा उगाच कडक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) सैल करणं तुमच्याच हातात असतं. आणि लॉट १०० चा ५०० केला, तर सेटिंग नगामागे ९ वरून १.८० वर येतं. ७.२० वाचले, म्हणजे १७८ चे चार टक्के, कुणाच्याही नफ्याला हात न लावता. पाचशे नग तुमच्या स्टोअरमध्ये नको असतील तर त्याने एकदम बनवावेत, तुम्ही शंभर-शंभर उचलावेत. पण उचलायची हमी पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) लेखी द्या, तोंडी नको.

एकदा मी टक्क्यांनीच सहा तोडले होते. वर शाबासकीही मिळाली. तीन महिन्यांनी हार्डनिंगच्या कडक थराची खोली कमी भरायला लागली. व्हेंडरने स्वस्तातला हार्डनिंगवाला गाठला होता. मी भाव तोडला, तो कुठून तुटणार हे विचारलंच नव्हतं.

ब्रेकअपही एकतर्फी हत्यार नाही. स्टील वाढलं की व्हेंडर तोच कागद तुमच्यापुढे धरणार. म्हणून बारचा मूळ दर आणि तिमाहीला फरक कसा द्यायचा-घ्यायचा, हे त्याच बैठकीत ठरवा. त्याचा नफा मात्र खोदून विचारू नका. माणूस बिथरतो, आणि आकडा खरा मिळत नाही तो नाहीच.

बोल्ट, बेअरिंग, सील अशा कॅटलॉगच्या मालाला ब्रेकअप काढत बसणं वेडेपणा आहे. तिथे तीन कोटेशन घ्या आणि खुशाल टक्के मागा. ड्रॉइंगवरच्या पार्टला मात्र मी हिशेबच मांडेन, त्यातही दुसऱ्या व्हेंडरचं सॅम्पल पास झालेलं नसेल तेव्हा तर नक्कीच. दुसरा पर्याय नसताना उठून जायची धमकी पोकळ आहे हे समोरच्याला कळतं.

एक जुना हुकमी पत्ता मात्र दोन्ही मार्गांत हातातून गेलाय: 'पेमेंट ९० दिवसांनी देऊ.' व्हेंडर सरकारच्या उद्यम नोंदणीतला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांची कमाल मर्यादा आहे, करार नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्यात २०२३ साली आयकरात आलेल्या तरतुदीमुळे मुदत चुकलेली आणि वर्षअखेर थकलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. उलट ३० दिवसांत पैसे देत असाल, तर छोट्या कारखानदाराला त्याचं मोल टक्क्यापेक्षा जास्त वाटतं. हा ३० दिवसांचा पत्ता शेवटी टाका, भाव अडला की.