समोर बसून विचारावं की चिठ्ठी हातात द्यावी?

मतचाचणीसाठी मी पुण्यात दारोदार फिरले आहे. पर्वतीच्या पायथ्याशी जनता वसाहतीत एका मावशींना विचारलं, "नगरसेवकाच्या कामावर समाधानी आहात का?" त्यांनी आधी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं, मग दारात उभ्या मुलाकडे, आणि म्हणाल्या, "चांगलंच आहे की." मोरीपाशी रिकामे हंडे ओळीनं ठेवलेले होते.

समोरासमोर विचारलं की वाचता न येणारा माणूसही सुटत नाही, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारता येतो. पण मेख तिथंच आहे. विचारणाऱ्याचं आडनाव, बोली, कपडे, नुसतं "हं" म्हणणं, यानंही उत्तर वळतं. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात कृष्णवर्णीयांना तेच प्रश्न गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्रश्नकर्त्यांनी विचारले, तर उत्तरांत फरक पडला. आपल्याकडे आडनाव ऐकताच जातीचा अंदाज बांधतात, म्हणून मला हा धोका फार मोठा वाटतो.

चिठ्ठी स्वतः भरायला दिली की भीड कमी होते. मत कुणाला दिलं, दारू, घरातली मारहाण, हे प्रश्न तर असेच विचारावेत. लोकनीती-सीएसडीएस या दिल्लीतल्या संशोधन संस्थेच्या मतदानोत्तर पाहणीत नमुना मतपत्रिका आणि पेटी वापरतात, ती याचसाठी. मात्र काही चिठ्ठ्या कोऱ्या येतात, आणि घरातलं कुणीतरी "दाखव बघू" म्हणतंच.

मी मताचा आणि असे नाजूक प्रश्न चिठ्ठीवर घेईन, बाकीचे तोंडी. शिवाय एकाच वस्तीत दोन-तीन वेगळे प्रश्नकर्ते पाठवीन, म्हणजे कुणामुळे उत्तरं झुकली ते आकड्यांत दिसेल.