टर्बो सी++ ३.० डॉसबॉक्सवर, आउटपुटच्या भानगडींसकट

मावसबहिणीला फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला अजून टर्बो सी++ च (सी आणि सी++ चे प्रोग्रॅम लिहून चालवायचं जुनं सॉफ्टवेअर) लागतो, म्हणून तिच्या लॅपटॉपवर बसवून दिला आणि आठवडाभर तिच्यासोबत बसले, त्यावरून लिहितेय. कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा) १६ बिटचा, ६४ बिट विंडोजवर थेट चालतच नाही, म्हणून डॉसबॉक्स, म्हणजे जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर, लागतो. आणि तिथे पहिलीच गडबड, टर्बोमधे रन करायला कंट्रोल एफ९ आणि डॉसबॉक्स बंद करायची कीसुद्धा तीच! आधी एफ२ ने सेव्ह करा आणि रन मेनूमधूनच चालवा, नाहीतर डॉसबॉक्सच्या कीमॅपरमधे (कुठली की काय करते ते ठरवायची जागा) ती की बदलून टाका.

आउटपुट दिसतच नाही, लगेच निळा एडिटर परत येतो, असं वाटलं तर आल्ट एफ५ दाबा, किंवा प्रोग्रॅमच्या शेवटी getch() टाका, म्हणजे की दाबेपर्यंत तो थांबतो.

सगळ्यात जास्त वेळ फॅक्टोरियलने खाल्ला. ७ चं ५०४० बरोबर येतं आणि ८ चं येतं -२५२१६. पोरगी अर्धा तास लूप तपासत होती, रडकुंडीला आली, पण लूपमधे काहीच चूक नव्हती ओ, इथे इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) २ बाइटचा आहे, ३२७६७ च्या वर मावत नाही. इंटऐवजी मोठा लाँग घ्या आणि प्रिंटएफमधे (आउटपुट छापणारं फंक्शन) पर्सेंट डीऐवजी पर्सेंट एलडी लिहा, दोन्ही बदला, नुसतं व्हेरिएबल बदलून पर्सेंट डी तसंच ठेवलं तर तोच उणे आकडा परत येतो.

रंगाचंही तसंच. टेक्स्टकलर देऊन प्रिंटएफ केलं तर अक्षरं करडीच राहतात, सीप्रिंटएफ वापरावं लागतं, आणि त्यात बॅकस्लॅश एन नुसतं खाली नेतं, ओळीच्या सुरुवातीला आणत नाही, त्यामुळे आउटपुट जिन्यासारखं उतरत जातं. सोबत बॅकस्लॅश आर द्या.

स्ट्रक्चरच्या ॲरेमधे फ्लोट (दशांश संख्या) स्कॅनएफने वाचताना 'फ्लोटिंग पॉइंट फॉरमॅट्स नॉट लिंक्ड' येऊन प्रोग्रॅम मरतो, तेव्हा कोड खोडू नका, फ्लोटचा ॲड्रेस घेणारं एक छोटं फंक्शन फाइलमधे टाका, चालतं.

टर्बो परीक्षेपुरता ठीक, माझ्याकडून ५ पैकी २. घरी शिकायला मात्र मी तिला जीसीसी (आजचा कंपायलर, त्यात इंट मोठा असतो) टाकून दिलाय. तिथे तोच जुना फॅक्टोरियल, इंट आणि पर्सेंट डी तसंच ठेवून चालवला, ४०३२० आलं, तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता.