जुनी डस्टर की जुनी सियाझ: पाठ जपायची की डावा गुडघा?

मुंबईत घरच्यांसाठी आरामाची सेकंडहँड गाडी शोधायला लागलं की फिरून फिरून दोन नावं पुढे येतात: रेनॉ डस्टर आणि मारुती सियाझ. होंडा सिटीही उत्तम, पण तिचं सस्पेन्शन थोडं कडक वाटतं, म्हणून ती बाजूला ठेवतो.

प्रश्न नुसता खड्ड्यांचा असेल तर डस्टरला तोड नाही, हे आधीच कबूल. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, 205 मिमी आणि टायर 215/65 आर16, म्हणजे रिमच्या कडेपासून जवळपास 140 मिमी रबर. मेट्रोच्या कामात उखडलेला पट्टा असो की सिग्नलजवळचे खचलेले पेव्हर ब्लॉक, मागे झोपलेलं पोर जागं होत नाही. सीट उंच असल्याने गुडघे दुखणाऱ्या आजीला खाली वाकून शिरावं लागत नाही.

घोडं अडतं ते क्लचवर. 110 पीएसच्या (पीएस म्हणजे इंजिनाची ताकद, जवळपास हॉर्सपॉवरच) डिझेल डस्टरचा क्लच जड, त्यात साधारण 2,000 आरपीएमच्या खाली इंजिन ओढत नाही. सायनपासून घाटकोपरपर्यंत बंपरला बंपर लावून सरकताना पहिला-दुसरा गिअर आणि अर्धा दाबलेला क्लच, एवढंच चालू राहतं. अर्ध्या क्लचने प्लेट झिजते आणि प्लेट झिजली की पेडल आणखी जड होतं. जुन्या गाडीत हा त्रास दुप्पट होऊन आपल्याकडे येतो. घरच्यांच्या आरामाचा हिशेब करताना गाडी चालवणाराही घरचाच, हे विसरायला होतं. 85 पीएसच्या डिझेल डस्टरचा क्लच बराच हलका आहे. 2017 नंतरची पेट्रोल सीव्हीटी, म्हणजे क्लच नसलेली ऑटोमॅटिक, मिळाली तर हा मुद्दाच संपतो, पण ती नशिबाने मिळते. डिझेल घेतलीच तर टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) बदलल्याचं बिल मागा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं. सियाझच्या पेट्रोल इंजिनाला बेल्टऐवजी चेन आहे, त्यामुळे तिथे हा प्रश्न नाही.

आणखी एक, डस्टरची उंची 1,695 मिमी. अनेक सोसायट्यांत स्टॅक पार्किंगचा (एकावर एक गाड्या ठेवायच्या जागेचा) खालचा कप्पा सेडानपुरताच असतो. टोकन देण्याआधी टेप लावून बघा.

सियाझचा चार गिअरचा ऑटोमॅटिक जुन्या वळणाचा आहे. ओव्हरटेक करताना जरा विचार करतो. पण तुंबलेल्या रस्त्यावर नुसत्या ब्रेकवर गाडी सरकत राहते, डावा पाय मोकळा. मागे पाय पसरायला भरपूर जागा. कमी वेगात सस्पेन्शन मऊ, एक्स्प्रेसवेवर किंचित तरंगल्यासारखं. पोट मात्र 170 मिमीवर. पाच माणसं आणि भरलेली डिकी असेल तर सोसायटीने हाताने घातलेल्या सिमेंटच्या स्पीडब्रेकरवर घासतं, तिथे गाडी तिरकी घ्यावी लागते.

यावर उपाय म्हणून काही मालक स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर बसवतात. त्याने उंची वाढते, पण मऊपणा जातो. टॉर्च मारून बघा. असतील तर गाडी जॅकवर घेऊन काढता येतात. सियाझच्या टॉप व्हेरिएंटला 195/55 आर16 टायर आहेत, खालच्यांना 185/65 आर15. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, पण 15 इंची चाकात रबराची भिंत 107 मिमीऐवजी 120 मिमी. तेवढ्या 13 मिमीचा फरक काँक्रीटच्या सांध्यांवर पाठीला कळतो. म्हणून रोज गर्दीतून जाणाऱ्याने माझ्या मते 15 इंची चाकांची ऑटोमॅटिक सियाझ आधी बघावी. महिन्यातून दोनदा कोकणात जाणारे डस्टर घेतील, आणि त्यांचंही चुकणार नाही.

कुठलीही बघा, टेस्ट ड्राइव्हच्या आधी टायरची हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या. हवा कमी ठेवली की थकलेली गाडीही मऊ वाटते. मग काच खाली, एसी-रेडिओ बंद, आणि पेव्हर ब्लॉकवरून 20 च्या वेगाने चालवा. हलकी टकटक आली तर बहुधा लिंक रॉड (सस्पेन्शनची छोटी जोडदांडी), स्वस्तातलं काम. ब्रेक मारताना धप्प आवाज आला तर लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण फिरवताना स्प्रिंग टणकन उडाल्यासारखी वाजली तर स्ट्रट माउंट (पुढच्या शॉकॲब्झॉर्बरचा वरचा आधार) किंवा त्याचं बेअरिंग. शॉकॲब्झॉर्बरवर ओलसर तेल दिसलं तर जोडीने बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा. शेवटी सीटबेल्ट टोकापर्यंत ओढा; आतल्या भागावर मातकट रेघ दिसली तर गाडी पावसाच्या पाण्यात उभी राहिलेली असण्याची दाट शक्यता. तिथून सरळ निघा.