मनगटाचा संधिवात: पट्टा, इंजेक्शन की ऑपरेशन?

आमच्या घरात दोघांची मनगटं दुखतात, मावशीची आणि काकांची. मावशी विड्या वळते, काका यंत्रमागावर होते. गल्लीतले दोघांनाही ‘वात धरलाय’ एवढंच म्हणतात. पण दोघांचा आजार एक नाही, म्हणून उपायही एक नाही.

मावशीला सकाळी तासभर तरी मूठ वळत नाही, पानं कापायची कात्री धरवत नाही. दोन्ही मनगटं सुजलेली, हाताला गरम लागतात. हा आमवात. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. काकांचं फक्त उजवं मनगट दुखतं. तरुणपणी सायकलवरून पडताना त्यांनी हात टेकला होता. मुरगळला असेल म्हणून घरी तेल लावून चोळला. मोडलं होतं अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड. ते जुळलंच नाही आणि पुढं वर्षानुवर्षं सांध्याची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजत गेली. पडल्यावर हात चोळू नका हो, आधी एक्स-रे काढा. ही चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. दुखणं राहिलं तर 10-14 दिवसांनी पुन्हा काढावा लागतो.

काकांचं निदान एक्स-रेवर झालं. मावशीला आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (आमवाताच्या खुणा शोधणाऱ्या) आणि ईएसआर, सीआरपी (शरीरात सूज किती ते सांगणाऱ्या) या रक्ततपासण्या लागल्या. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला तरी आमवात असू शकतो, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. मनगट एका रात्रीत लाल होऊन ठणकायला लागलं तर युरिक ॲसिड वाढून होणाऱ्या गाऊटचाही विचार करतात.

मावशीसाठी खरा उपाय गोळ्यांचा, आणि तोही लवकर. नुसत्या वेदनाशामकांनी दुखणं दबतं, हाडं खाल्ली जाणं थांबत नाही. आमवाताला आवरणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून आमच्याकडे कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल गोल आहे. अधूनमधून रक्त आणि यकृत तपासावं लागतं.

काकांची झिजलेली कूर्चा भरून आणणारं औषध नाही. मनगटाचा पट्टा स्वस्त आणि निर्धोक, पण सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये आत घामोळं उठतं. खाली सुती मोज्याची बाही घाला. स्टिरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे, फार तर काही महिने बरं वाटतं. ते सारखं सारखं घेता येत नाही आणि मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते. लग्नसराई पार पाडायला ठीक, कायमचा मार्ग म्हणून नाही.

एवढं करूनही रात्रीची झोप उडत असेल तरच ऑपरेशन. झीज थोड्या भागात असेल तर काही छोटी हाडं काढतात किंवा मोजकीच एकमेकांना जोडतात. मनगटाची साधारण निम्मी हालचाल राहते. पूर्ण जोडणीत प्लेट बसवतात. मनगट वाकणं बंद होतं, तळहात पालथा-उताणा करणं मात्र राहतं. कृत्रिम सांध्यात मनगट वाकतं, पण जड उचलायला जन्मभर बंदी आणि सांधा सैल होण्याची धास्ती. अंगमेहनतीच्या हाताला मी तो सुचवणार नाही. ज्याला वजन उचलायचंय त्याला जोडणी बरी. जिला भाकरी थापायची आहे तिनं, झीज परवानगी देत असेल तर, निम्मी हालचाल राखणारा पर्याय आधी विचारावा. हाड जोडायचं असेल तर मावा, तंबाखू सोडावी लागते, त्यानं हाड जुळायला उशीर होतो.

जोडणीआधी एक गोष्ट जरूर करा. मनगट अजिबात न वाकणारा कडक पट्टा घालून पंधरा दिवस सगळी कामं करून बघा. काकांनी केलं. घास तोंडापर्यंत गेला, गाडीही चालवली. ओला पंचा पिळताना अडलं. तो आता काकू पिळतात आणि काकांनी दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे.